बटणांच्या डब्यातलं कासव

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याच्या पश्चिम भागात एका गावात आम्ही संसार मांडला तेव्हा त्या गावात मराठी बोलणारी माणसं दोनच होती, आणि ती दोन्ही आमच्याच घरात राहत. नवरा गावच्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. मी दिवसभर घरी, बोलायला कुणी नाही म्हणून शिवणाच्या मशीनशी बोलायची. करमणूक म्हणजे शनिवारचे लिलाव. शेतावरचं एखादं म्हातारं माणूस गेलं की मुलं शहरातून येत, घरातला सगळा पसारा अंगणात मांडत आणि हॅट घातलेला एक माणूस ट्रकवर उभा राहून भराभर ओरडत तो विकून टाकी. मेलेल्या माणसाचे चहाचे कप, चष्मे, उशा. मला सुरुवातीला किळस यायची. मग सवय झाली आणि मीही हात वर करायला शिकले.

अशाच एका लिलावात मी पत्र्याचा एक डबा घेतला, बटणांनी गच्च भरलेला. बटणांचा मला लहानपणापासून सोस. लिलाववाला म्हणाला, घरातली बाई तरुणपणी इंडियन मुलांच्या बोर्डिंग शाळेत शिवण शिकवायची, तेव्हा माल पारखून घेतलेला असणार. इंडियन म्हणजे इथले मूळचे लोक, आम्ही नव्हे. त्या गावात हा खुलासा मला रोज कुणाला ना कुणाला करावा लागे.

घरी येऊन डबा उपडा केला तर ढिगातून एक कासव निघालं. तळहातावर मावेल एवढं, मऊ कातड्याचं, अंगभर बारीक मणी शिवलेले. पांढऱ्यावर निळे-पिवळे पट्टे, चार पाय, आखूड शेपूट. कडा शिवून बंद केलेल्या. आत काहीतरी भरलेलं होतं, दाबलं की हलकंसं कुरकुरायचं.

तेव्हा सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्यांनी ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, कासव आहे! देवापुढे कासव हवंच. देवळात नसतं का गाभाऱ्यासमोर?" झालं. अन्नपूर्णेच्या आणि बाळकृष्णाच्या पुढ्यात कासवाची स्थापना झाली. त्यांचं सोवळं कडक. कातड्याचं आहे म्हणून मी जरा कुरकुरले, तर मृगाजिन काय सुती असतं का, म्हणून मलाच गप्प केलं. रोज पूजा झाली की त्याच्या पाठीवर हळदीकुंकवाचं बोट. त्या परत गेल्या, पुढे देवाघरी गेल्या, नवरा रिटायर झाला, मुलीची नोकरी म्हणून आम्ही टेक्ससमध्ये फ्रिस्कोला आलो. कासवही आलं. माझी भक्ती बेताचीच आहे, पण सासूबाईंनी लावलेली सवय मोडवेना. मण्यांच्या फटींत कुंकू इतकं बसलं होतं की मूळचा पांढरा रंग गुलाबी दिसायला लागला.

मुलीनं लग्न केलं ते ओक्लाहोमातल्याच एका मुलाशी. मुलगा शायॅन जमातीचा. एके काळी उत्तरेपासून दक्षिणेपर्यंतच्या मैदानांत बायसनच्या कळपांमागे तंबू घेऊन फिरणारे हे लोक. कळप मारून संपवले, लोकांना गोळ्या घालून, रेटून, कागदावर आखलेल्या जमिनीच्या तुकड्यांत बसवलं, मग ते तुकडेही कापून वाटून टाकले. त्यांच्यात तंबू बायकोच्या मालकीचा असे, नवऱ्यानं फार त्रास दिला तर ती त्याचं सामान बाहेर काढून ठेवी. हे ऐकून मी लग्नाला एकदम राजी झाले.

एक गोष्ट मात्र मला आधी कुणी सांगितली नव्हती. जावई सासूशी बोलत नाही. तिच्याकडे बघतही नाही. भांडण म्हणून नव्हे, तोच मान. त्यांच्या घरात जुनं पाळतात. मी पुरणपोळ्या करून वाट बघत बसले, आणि हा दारातून आत आला, माझ्याकडे पाठ केली आणि आमच्या कुत्र्याला म्हणाला, "जेवण फार छान दिसतंय हं." आपल्याकडे लेकी बोले सुने लागे, इथे कुत्र्याला बोले सासूला लागे. मी रात्रभर धुमसले. मुलगी म्हणाली, "आई, प्लीज, ही इज बीइंग पोलाइट! तू पर्सनली घेऊ नकोस ना." आता सवय झाली आहे. खरं सांगायचं तर मैत्रिणींच्या बोलघेवड्या जावयांपेक्षा माझा बरा.

विहीणबाईंशी मात्र माझं पहिल्या दिवसापासून जमलं. कोर्टात कारकुनी करून रिटायर झालेल्या, उंच, कमी बोलणाऱ्या आणि बोलल्या तर नेमकं बोलणाऱ्या. आम्ही बोलतो इंग्रजीत. इथे मी मराठीत लिहिते आहे, पण त्यांचं बोलणं असंच आहे, तुटक आणि सरळ.

गेल्या वर्षी नात झाली. बारशाच्या आदल्या दिवशी विहीणबाई गाडी चालवत आल्या. चहा झाल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावर कापड पसरलं, सुई-दोरा काढला आणि एका रुमालातून नवंकोरं कासव काढलं. मण्यांचं, इवलंसं, एक बाजू शिवायची राहिलेलं. मुलीला म्हणाल्या, "आण."

मुलीनं खणातून झिपची एक पिशवी आणली. आत बाळाची गळून पडलेली नाळ, वाळून काळी झालेली. सासूनं सांगितलं म्हणून जपून ठेवली होती, मला पत्ताच नव्हता. मला बरं वाटलं. आमच्या गावाकडे नाळ पुरत. इथे हॉस्पिटलवाले चिमटा लावून घरी पाठवतात, आणि माझ्या मुलीची तर आंघोळीच्या वेळी टॉवेलात गळून कचऱ्यात गेली होती.

विहीणबाई सांगायला लागल्या. नाळ कासवात ठेवायची, शिवून टाकायची. आधी पाळण्याला बांधायची, मुलगी चालायला लागली की कमरेला. मग जन्मभर जवळ. कासवच का, तर ते मरता मरत नाही, तसं आयुष्य मुलीला मिळावं.

"आणि नसेल ठेवलं तर?" मी विचारलं.

"तर मूल शोधत राहतं. खण उघडतं, डबे उपसतं. मोठं झालं तरी थांबत नाही. आपलं काहीतरी कुठेतरी राहिलंय, असं त्याला वाटत राहतं."

मी हसले. म्हटलं, मग अमेरिकेत आलेले आम्ही सगळेच तसले. आणि हसता हसता मला आठवलं. "अहो, आमच्याकडे पण आहे असंच कासव! थांबा, दाखवते." उत्साहानं उठले, देवघरातून कासव आणलं आणि त्यांच्यापुढे धरलं. सकाळचं ताजं कुंकू होतं त्याच्यावर. मला वाटलं होतं, विहीणबाई खूश होतील की आमच्या घरात त्यांच्याकडची वस्तू इतक्या मानानं ठेवली आहे.

त्यांनी सुई खाली ठेवली. कासवाला हात लावला नाही.

"कुठे मिळालं?"

मी सांगितलं. लिलाव, बटणांचा डबा, शाळेत शिवण शिकवणारी बाई. कुठल्या रस्त्याला ते शेत होतं तेही सांगितलं. मुलगी बाळाला थोपटायची थांबली.

"कधी उघडलंत?"

"नाही हो. देवाचं म्हणून ठेवलेलं, उघडणार कशाला?"

त्यांनी डोळे मिटले आणि श्वास सोडला. "ह्याच्यात एक मुलगी आहे," त्या म्हणाल्या.

हातातली वस्तू खाली ठेवावी की धरून ठेवावी, कळेना. ज्याच्यापुढे मी वर्षानुवर्षं हात जोडले, मुलीच्या परीक्षांना, नवऱ्याच्या ऑपरेशनला, ते कुणाच्या तरी लेकराच्या पोटाला लागलेलं होतं. सोवळ्याच्या एवढ्या कडक सासूबाई, त्यांनी आपल्या हातानं परक्या मुलीची नाळ अन्नपूर्णेपुढे ठेवली होती.

मग विहीणबाईंनी आपल्या आईचं सांगितलं. आमच्या नातीची ती पणजी. लहानगी असताना तिला त्या बोर्डिंग शाळेत नेलं. पहिल्याच दिवशी मुलींना ओळीत उभं केलं, केस कापले, घरचे कपडे काढून घेतले. तिच्या कमरेला आजीनं करून दिलेलं कासव होतं. त्याची वादी शिवणाच्या बाईनं कापली, कारण कात्री तिच्याकडे होती. कासव कुठे गेलं ते मुलीला कुणी सांगितलं नाही. आपल्या भाषेत विचारलं तर मार बसला, आणि इंग्रजी तिला येत नव्हतं.

"तेव्हापासून माझी आई शोधते," विहीणबाई म्हणाल्या. "आम्ही लहान होतो तेव्हा लाज वाटायची. कुणाकडे गेलो की ती त्यांचे खण उघडायची. दुकानात डब्यांत हात घालायची. कुठे लिलाव असला की जायची, काही घ्यायची नाही, नुसती खोकी उपसायची. लोकांना वाटायचं, चोरी करतेय."

त्या अंगणांत मीही उभी असायची. लांब स्कर्ट घातलेल्या, खोक्यांवर वाकलेल्या म्हाताऱ्या मी पाहिलेल्या होत्या, त्यांतल्या एकीचाही चेहरा आठवेना. त्या शनिवारीही ती आली असेल का? मी डबा उचलला तेव्हा ती पलीकडच्या खोक्यात हात घालून उभी असेल का?

"आता ती अंथरुणातच असते," विहीणबाई म्हणाल्या. "खाणं सोडलंय. जायला तयार आहे. पण म्हणते, त्याच्याशिवाय कशी जाऊ? तिकडच्यांना मी कोण ते कसं कळेल?"

मी भडाभडा बोलायला लागले. म्हणजे हे तिचंच असणार, तीच शाळा, तीच बाई, काखेत कळसा आणि गावाला वळसा, चला, आत्ताच्या आत्ता निघू. विहीणबाईंनी हातानं थांबवलं. "मुली पुष्कळ होत्या," त्या म्हणाल्या. "मी आशा धरत नाही." पण त्यांची नजर कासवावरून हलत नव्हती. पुढे म्हणाल्या, आईला आधी सांगावं लागेल, घरात तयारी करावी लागेल, अशी वस्तू भाजीच्या जुडीसारखी कुणी गाडीत टाकून नेत नाही. तोवर जिथे होतं तिथेच राहू दे. "आणि तुम्हीच आणा. इतकी वर्षं तुमच्या घरात होती ती."

त्यांनी 'ती' म्हटलं आणि तेव्हापासून माझ्या घरातल्या दुपारी बदलल्या.

बारसं झालं, पाहुणे पांगले. विहीणबाईंचा फोन येईपर्यंतचे ते आठवडे मला आठवतात ते दुपारचेच. फ्रिस्कोच्या आमच्या वस्तीत दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मुलगी-जावई कामावर, नवरा लायब्ररीत, बाळ पाळण्यात, त्याच्या दांडीला त्याचं नवं कासव बांधलेलं. बाहेर टळटळीत ऊन, आत एसीची घरघर. आणि मला खण ओढल्याचा आवाज यायचा. स्वयंपाकघरातला चमच्यांचा खण, मग त्याच्या खालचा. मी जाऊन बघायची, सगळे बंद. परत येऊन बसायची की मागच्या खोलीत कपाटाचं दार. एकदा पाठमोऱ्या माझ्या ओढणीचं टोक कुणीतरी हळूच उचलून पाहिल्यासारखं वाटलं, खाली काही आहे का म्हणून. मी भित्री नाही. पण त्या दिवशी बाळाला उचलून मी उन्हात, ड्राइव्हवेवर जाऊन उभी राहिले.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "घर लाकडाचं आहे, ऊन तापलं की लाकूड वाजतं. आणि बरं का, हे म्युझियमला देऊन मोकळी हो." मी म्हटलं, एक मूल हरवलंय आणि तुम्ही त्याला काचेच्या कपाटात ठेवायला निघालात. संध्याकाळी त्यानंच देवघरात कासवापुढे बत्तासा ठेवला. विचारलं तर म्हणाला, "लहान आहे ना ती."

कुंकू लावायचं का थांबवायचं, हेही मला ठरवता येईना. एक दिवस लावलं नाही. दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं, जेवायला बसलेल्या मुलाचं ताट आपणच उचलल्यासारखं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा लावायला लागले. आणि लावताना मनातल्या मनात विचारायची, तू म्हातारी आहेस ना गं? घरी गेलेली, लग्न झालेली, नातवंडं पाहिलेली म्हातारीच आहेस ना? ती पणजीच निघू दे, ह्यासाठी मी नवस बोलले. कुणाला बोलले ते मला सांगता येणार नाही, कारण समोर देव होते आणि देवांच्या पुढ्यात तीच होती.

मग फोन आला. विहीणबाई न्यायला आल्या. जावयाच्या गाडीत मी बसू शकत नाही, म्हणजे मी असताना तो बसू शकत नाही, तेव्हा तो कुत्र्याला "सांभाळून जायला सांग हं" म्हणून मागे राहिला. मी कासव सासूबाईंच्या रेशमी खणात गुंडाळलं आणि मांडीवर धरलं. ओक्लाहोमाच्या हद्दीवरची रेड नदी ओलांडली की माती लाल होत जाते. पवनचक्क्या, गुरं, लांबच लांब कुंपणं. एका वळणावर झाडीतून एक बारकी नदी दिसली. विहीणबाईंनी रेडिओ बंद केला. दीडशे वर्षांपूर्वी त्या नदीकाठी त्यांच्या लोकांची वस्ती थंडीच्या दिवसांत पहाटेच्या झोपेत होती, तेव्हा अमेरिकेचं सैन्य चालून आलं. बायका मुलांना घेऊन गार पाण्यातून पळाल्या. त्यांनी एवढंच सांगितलं. मी त्या भागात इतकी वर्षं राहिले होते, त्या नदीवर पिकनिकला आलो होतो, बटाटेवडे खाल्ले होते. पाणी दिसेनासं होईपर्यंत मी मांडीवरच्या खणावर हात दाबून धरला होता.

घर लहान, गवताळ माळावर एकटं. दारातच विहीणबाईंनी देवदाराचा धूर केला. तो माझ्यावरून, माझ्या हातांवरून, हातांतल्या पुडक्यावरून फिरवला. वास ओळखीचा वाटला, जुन्या लाकडी कपाटाचा. पणजीच्या खोलीत एक खणांचं कपाट होतं आणि त्याला एकही खण नव्हता, नुसती भोकं. पूर्वी ती उठून खण ओढायची, ओढताना पडायची, म्हणून काढून टाकले होते.

पणजी पलंगावर होती. अंगानं वाळलेली, डोळे दुधाळ झालेले. तिचे हात गोधडीवर फिरत होते. मरणाच्या दारातली माणसं अंथरूण चाचपतात, असं माझा नवरा सांगतो, आणि ते मी पाहिलंही आहे. हिचं तसं नव्हतं. ती गोधडीचा कोपरा उलटायची, खाली बोटं घालायची, नीट तपासायची, कोपरा परत जागच्या जागी ठेवायची आणि पुढच्या कोपऱ्याकडे जायची.

विहीणबाई त्यांच्या भाषेत काही बोलल्या. हात थांबले. मी खण उलगडला आणि कासव तिच्या ओंजळीत ठेवलं.

तिनं आधी ते नाकाशी नेलं. मग तोंड उघडून रडायला लागली, आवाज न करता. विहीणबाई भिंतीला टेकल्या. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मी मनात म्हटलं, मिळालं, बाई, मिळालं एकदाचं. मग तिची बोटं मण्यांवरून चालायला लागली. पाठ, डोकं, एक पाय, दुसरा, तिसरा. चौथ्या पायावर येऊन बोटं थांबली. तिनं तो पाय चिमटीत धरला, सोडला, परत धरला.

ती बोलली. विहीणबाईंनी लगेच इंग्रजीत सांगितलं नाही. मी विचारलं, काय म्हणाल्या? काय म्हणाल्या?

"माझ्या कासवाला तीनच पाय होते, म्हणते. दात येत होते तेव्हा एक पाय मीच चावून तोडला. आजी रागावली होती." मग म्हणाल्या, "हे दुसऱ्या कुणाचं आहे."

मला राग आला. कुणाचा ते कळेना. त्या शिवणाच्या बाईचा आला, देवांचा आला, आणि अगदी खरं सांगायचं तर त्या चार पायांचा आला. एक पाय नसता तर काय बिघडलं असतं! ज्या म्हातारीसाठी हे सगळं केलं, तिच्याच हातात आम्ही ते ठेवलं आणि तिच्याच हातातून काढून घेतल्यासारखं झालं. मी कासव परत घ्यायला हात पुढे केला. तिनं दिलं नाही.

ती आता वेगळ्याच तऱ्हेनं ते चाचपत होती. पाठीवरून बोट फिरवलं, बोटाला कुंकू लागलं, ते तिनं डोळ्यांजवळ नेलं.

"कुणी रंगवलं हिला, विचारते," विहीणबाई म्हणाल्या. त्यांच्यात मुलांना, पवित्र वस्तूंना, मेलेल्या माणसांना लाल रंग लावत, तो आशीर्वाद असतो, हे मला त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा मी एवढंच म्हणाले, आधी माझ्या सासूबाईंनी, मग मी, रोज.

पणजी माझ्याकडे वळली. तिला मी दिसत असेन की नाही, ठाऊक नाही. विहीणबाईंनी तिचं बोलणं सावकाश सांगितलं. "म्हणते, म्हणजे हिच्याकडे रोज कुणीतरी बघत होतं. बरं झालं." मी पलंगाच्या कडेला डोकं टेकून रडले. तिनं माझ्या केसांवर हात ठेवला.

मग ती बरंच बोलली, मधे मधे थांबत. आम्ही पुष्कळ होतो, म्हणाली. ज्या घरी गेल्या त्या शोधत शोधत म्हाताऱ्या झाल्या. ज्या गेल्या नाहीत त्या शाळेमागच्या गवतात आहेत. हिची मालकीण कोण ते मला माहीत नाही. पण ती वर आकाशगंगेच्या वाटेनं पोचली असेल तर तिथेही हेच हुडकत असेल. मी तिकडेच चालले आहे. घेऊन जाते, तिला देते.

"आणि तुझं?" विहीणबाईंनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी इंग्रजीत विचारला, म्हणून मला कळला. पणजीनं उत्तर दिलं नाही. विहीणबाईंनी मला जेवायला बसवलं, मांस खात नाही म्हणून माझ्यासाठी वाळवलेल्या मक्याचं कालवण वेगळं ठेवलं होतं. त्यातलं थोडं वाटीत काढून त्यांनी आधी बाजूला ठेवलं, गेलेल्यांसाठी. आपला काकबळीच. खोलीतून गोधडीची सळसळ येत नव्हती. आम्ही दोघी त्या शांततेला कान देऊन जेवलो.

त्यानंतर ती थोडेच दिवस होती. अंत्यविधीला आम्ही सगळे गेलो. हॉलमध्ये गाव जेवलं, तिच्या वस्तू, शाली, भांडी सगळी वाटून टाकली, मला एक शाल मिळाली. माळावर वारा इतका की उभं राहवेना. जावई माझ्याकडे न बघता आला आणि वाऱ्याच्या बाजूला, पाठ करून उभा राहिला, विधी संपेपर्यंत.

शवपेटी बंद करण्याआधी मला जवळ बोलावलं. पणजीच्या चेहऱ्यावर लाल रंग लावला होता. डाव्या मुठीत चार पायांचं कासव, मूठ वादीनं बांधलेली, वाटेत पडू नये म्हणून. सगळं अंग ब्लँकेटात घट्ट गुंडाळलं होतं, फक्त उजवा हात बाहेर होता, रिकामा. मला वाटलं, राहून गेला. मी तो आत सरकवायला वाकले तर विहीणबाईंनी माझा हात धरला. तो बाहेरच ठेवायचा, असं आईनं बजावून ठेवलं होतं, त्या म्हणाल्या. आई म्हणाली होती, त्या मुलीचं तिला देऊन झालं की मला माझं शोधायचंय.